गुडघ्याचं माप

"आधी पाठ करा मावशी, कंबर टेकवा, मग पाय आत घ्या," नीलेश पुन्हा पुन्हा सांगत होता आणि नलूआत्या पुन्हा पुन्हा आधी पायच आत घालत होती. बैलबंडी असो, ट्रॅक्टरची ट्रॉली असो की एसटी, जन्मभर तिचा पाय आधी चढला होता आणि बाकीचं अंग मागून आलं होतं. पाठ करून आत शिरायचं म्हणजे देवळात उलट्या पावलांनी गेल्यासारखं तिला वाटे. शेवटी त्या शोरूमच्या पोरानं तिचे खांदे हलकेच धरून तिला वळवलं, मागच्या सीटवर टेकवलं, आणि तिनं साडी सावरत पाय ओढले. उजवा पाय दाराच्या उंबऱ्यावरून आत गेला, पुढच्या सीटच्या पाठीला भिडला आणि तिथंच अडला. डावा बाहेरच राहिला.

"अडकला," ती म्हणाली.

अण्णाजींनी, तिच्या थोरल्या भावानं, हातातला मोबाइल वाकून दारापाशी नेला. पडद्यावर त्यांचा मुलगा अंकुश होता, तिकडे दक्षिण आफ्रिकेत, ऑफिसला निघायच्या घाईत, एका हातात चहाचा कप घेऊन.

"बाबा, चेहरा नका दाखवू. पाय दाखवा. गुडघा. हां, तसं. आत्या, समोर किती जागा उरली?"

"जागा कायची उरते बापू? गुडघा समोरच्याच्या पाठीत घुसून राह्यला."

"अन् तिरपी बसली तर?"

ती तिरपी बसली. नीलेशनं पुढचं सीट आणखी पुढं सरकवलं. तरी मांडीपर्यंत कळ आलीच, आणि ती लपवायचं तिला काही कारण नव्हतं.

"दुखते रे. घडीभर बसन, त्याच्यापुढं नाई जमत."

सोफ्यावर बसून वहिनी शोरूमच्या चहात बिस्किट बुडवत होती. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. बसल्या जागेवरून साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असा तिचा आवाज.

"थोडं सहन करून पाहा न नलूबाई. सदा आपलं दुखतं नि दुखतं."

"आई, तू मधात नको बोलू," पडद्यातून अंकुश म्हणाला. "आत्या, सहन बिलकुल नको करजो. खरं सांगजो. तुले त्रास होत असन तर ही गाडी आपल्याले नको. विषय खतम."

नलूआत्यानं नीलेशकडे पाहिलं, मग वहिनीकडे. वर्ध्याच्या त्या काचेच्या शोरूममध्ये, चकचकीत फरशीवर, इतक्या लोकांदेखत तिच्या गुडघ्याचा शब्द शेवटचा ठरत होता. आजवर घरात त्या गुडघ्याला कुणी विचारलं नव्हतं. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा अण्णाजी म्हणाले होते, "आता या वयात तुले कुठं पळाचं आहे?" आणि बोलणं तिथंच मिटलं होतं. आज तोच गुडघा एवढी मोठी गाडी नापास करत होता.

"मग नको घेऊ," ती ऐटीत म्हणाली, आणि उतरायला नीलेशपुढं हात केला.

अंकुशला त्याच्या कंपनीनं दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं. घर मिळालं, पगार बरा होता, पण गाडीवाचून तिथं पान हलत नाही, असं तो सांगे. त्यात बायकोला, अपेक्षाला, दिवस गेलेले, आणि नाव घातलेला दवाखाना घरापासून तासाच्या अंतरावर. गाडी घ्यायची तर घरच्या सगळ्यांना बसता येईल अशी, आणि दोन वर्षांनी विकून परतायचं म्हणून स्वस्तातली. तिथंही स्टेअरिंग उजवीकडेच आणि आपल्याकडे बनलेल्या कितीतरी गाड्या बोटीनं तिकडे जातात. तेव्हा वर्ध्याच्या शोरूममध्ये उभी असलेली गाडी आणि तिथली गाडी यात फरक तो नंबर प्लेटचा. पण गाडी कशी चालते, किती तेल पिते, हे त्याला विचारायचंच नव्हतं. देवळीच्या घरात स्पीकर लावून तो वडिलांशी बोलला होता आणि गहू निवडता निवडता नलूआत्यानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: "आत्याले बसता आलं पायजे, बाबा. तिले बसता आलं का बाकी मी पाहून घेतो."

त्या दिवशी सुपातला गहू दोनदा निवडला गेला.

आता पहिलं बाळंतपण माहेरचं, हे काय नलूआत्याला कुणी शिकवायला हवं होतं? देवळीतल्या निम्म्या बाळंतिणींना शेक तिनं दिला होता, निम्म्या लेकरांची टाळू तिनं भरली होती. अपेक्षाचं बाळंतपण तिच्या आईचं, नागपूरच्या ज्योत्स्नाबाईंचं, हे तिनं केव्हाच मनाशी धरलं होतं आणि गप्प होती. पण आषाढात ज्योत्स्नाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ऐकल्या ऐकल्या नलूआत्यानं देवापुढं हात जोडले. बाई मोठ्या मनाची. लग्नाच्या मांडवात सगळे नवरदेवामागं धावत असताना तिनं स्वतः खुर्ची ओढून आणली होती आणि नलूआत्याला म्हणाली होती, "बसा हो विहीणबाई, माझाही पाय असाच आहे, मला कळतं." तिचा पाय बरा होवो, असं नलूआत्यानं देवाला मनापासून म्हटलं. आणि त्याच जोडलेल्या हातांआड, देवाला दिसेल न दिसेल असा, दुसरा विचार आला: मग बाळंतपणाला कोण?

वहिनीला कढईत मेथी परतायचा कंटाळा. तिनं तर स्वतःचं पोरगंही कधी न्हाऊ घातलं नव्हतं. सकाळच्या बसनं ती वडनेरच्या शाळेत जाई. नवरा गेल्यावर सासरहून भावाकडे आलेल्या नलूच्या मांडीवर अंकुश वाढला. तिच्या पायांवर पालथा पडून तो न्हायला, तेव्हा हा गुडघा चांगला होता. मग आता त्याच्या लेकराला न्हाऊ घालायला तिच्याशिवाय आहे कोण? तिच्या उंचीची, तिच्या पायाची गाडी तो धुंडतो आहे, ते कशासाठी?

तिनं अण्णाजींना एकदाच विचारलं होतं.

"दादा, मले तिकडं जायचे कागदं लागन न?"

अण्णाजी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

"पाहू. वेळ आहे अजून."

"फोटो तरी काढून ठेवू का?"

"काढ न. फोटो काढाले कोण नाई म्हणते?"

वहिनी त्या वेळी उंबरठ्यात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं पेपरात. नलूआत्यानं दुसऱ्याच दिवशी फोटो काढला. मग डिंक आला, सुंठ आली, अळीव आले, बाळंतशेपा आल्या. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून झाली. एकेका दुपट्याला तिनं इतक्या बारीक टाक्यांनी कडेला गोट घातला की शेजारणी हात लावून बघून जात.

"आत्याबाई, आफ्रिकेत सिंव्ह असते म्हणते," शेजारची मोनाली चिडवे.

"असू दे. त्यायलेही तेल लावून देईन."

कार्तिक लागला. गावात कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जायला लागल्या आणि मंदिरात भैयाजीबुवांचं कीर्तन बसलं. नलूआत्याचं सारं वर्ष या दिवसांवर टेकलेलं असे. बुवांचा आवाज काही फार गोड नव्हता, थोडा घोगराच; पण चिपळ्या हातात आल्या की तो माणूस वाकलेल्याला ताठ करी. हसवता हसवता असा एक शब्द टाकी की समोरची बाई पदराचं टोक डोळ्याला लावी आणि पुन्हा हसे. जमिनीवर बसता येईना तेव्हापासून नलूआत्या खांबाजवळ खुर्चीवर बसायची. सगळे खाली आणि आपण देवापुढं खुर्चीवर, याची तिला लाज वाटायची. म्हणून ती रोज सकाळी येऊन सभामंडप झाडून जाई, आणि खुर्चीचं तेवढं देणं फिटलं असं समजे.

त्या संध्याकाळी पूर्वरंग संपला. बुक्का लावून झाला, बुवांच्या गळ्यात हार पडला. मृदंगवाला हात झटकत होता. बुवांनी घाम पुसला आणि रिवाजाप्रमाणे उत्तररंगाला लागायच्या ऐवजी ते खांबाकडे बघायला लागले.

"माउल्यांनो, आज एक गोष्ट कानावर आली. या मंडपात तुम्ही आम्ही स्वच्छ जागेवर बसतो. झाडते कोण?"

"नलूआत्या!" बायकांतून आवाज आला.

"त्या आपल्या नलूबाई आता समुद्र ओलांडून चालल्या. कायले? सोनं आणाले? हवा खायाले? नाई माउली! लेकराच्या टाळूवर तेल घालाले चालल्या. अरे, ज्यानं सारं जग जन्माले घातलं, त्यालेही जन्मल्यावर तेल लावाले कोणतरी लागलंच ना! लोक म्हणते सेवा कराची तर काशीले जा. ही बाई म्हणते, मी आफ्रिकेले जातो. अन् मी सांगतो, देव तिथंच पायरीवर बसून हिची वाट पाहून राह्यला असन!"

मंडप हसला, टाळ्या पडल्या. बुवांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढला, खांबापर्यंत चालत आले आणि तो नलूआत्याच्या गळ्यात घातला. ती उठायला गेली, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं आणि आपणच वाकले. "रामकृष्णहरी" असा गजर झाला.  नलूआत्यानं गर्दीत भावाला शोधलं. अण्णाजी पुढच्याच रांगेत होते. ते मृदंगाच्या शाईकडे टक लावून बघत होते. वहिनीनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता आणि शेजारीण कानाशी लागून काही म्हणाली त्यावर ती मान हलवून हसत होती.

घरी जाताना अण्णाजी बोलले.

"इतकं गावभर सांगाची काय गरज होती?"

"मी कुठं सांगतलं दादा? बायकाच बोलल्या असन. काऊन, नजर लागन म्हणून?"

अण्णाजी पुढं चालत राहिले. वहिनीनं मागं वळून तिच्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "तसंच समजा."

तिसऱ्या खेपेला ते वर्ध्याला गेले तेव्हा अंकुशची गाठ पैशाशी पडली होती. पहिली गाडी उंच होती. तिच्यात आत्या राणीसारखी बसली होती, पण किंमत ऐकून अंकुशनंच ती सोडली. दुसरी आत्याच्या गुडघ्यानं नापास केली. आता उरली ती सगळ्यांत स्वस्त, लाल रंगाची, ठेंगणी. नीलेशनं ती पुसून दाराशी आणून ठेवली होती. हे लोक इथं गाडी घेणारच नाहीत, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं पुन्हा चहा मागवला.

अण्णाजींनी फोन लावला. अंकुशचा चेहरा आज खुललेला होता.

"बाबा, पहिले खुशखबर. मम्मीची तिकिटं झाली. डॉक्टर हो म्हणाले."

अण्णाजींनी फोन चटकन कानाला लावायचा प्रयत्न केला, पण व्हिडिओ कॉल कानाला लावून काय होणार? आवाज सगळ्या शोरूमभर पसरला होता.

"कोणाचे तिकिटं?" नलूआत्यानं विचारलं.

"मम्मीचे गं. अपेक्षाच्या मम्मी. डिलिव्हरीच्या महिनाभर आधीच येऊन राह्यल्या. ऑपरेशन एकदम मस्त झालं, फक्त गुडघा काही महिने पुरता वळणार नाई. तुझ्यासारखाच, काडीसारखा सरळ. म्हणून तर तुले इतका त्रास देऊन राह्यलो न! उंची तीच, अंगानंही तशाच. त्यायले आत्ता या हालतीत शोरूममध्ये कसं फिरवाचं? अपेक्षा म्हणे, आत्याले बसवून पाहा, मम्मीचं बरोबर माप येते."

नीलेशनं गाडीचं दार उघडलेलं होतं. नलूआत्या त्या दारावर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे बाळंतपणाले…"

"मम्मीच. पहिलं आहे न, माहेरचंच असते. तूच सांगत होती मले लहानपणी." तो थांबला. "काऊन? बाबांनी सांगतलं नाई तुले?"

अण्णाजींचा मोबाइल धरलेला हात थोडा खाली आला. पडद्यात आता फरशी दिसत असणार.

वहिनीनं कप बशीत ठेवला.

"मीच म्हटलं, नका सांगू. तुम्ही इतक्या खुशीनं चढत-उतरत होत्या नलूबाई. सांगितलं असतं तर तोंड पाडून बसल्या असत्या, अन् मग कुठलं माप नि कुठलं काय. चार दिवस आनंदात गेले न तुमचे? कोणाचं काय बिघडलं?"

"बुवांनी हार घातला," नलूआत्या म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

"बुवाचं काय, आज तुम्हाला घातला, उद्या आणखी कुणाला घालतील."

"आत्या, तू नाराज नको होऊ," अंकुशचा आवाज आला. अण्णाजींनी फोन पुन्हा वर केला होता. "दोन वर्षांनी येऊनच राह्यलो न आम्ही. मग पोरगं तुझ्याच मांडीवर. अन् हो, तू लाडूचं सामान आणून ठेवलं म्हणे? करून दे न, मम्मीसोबत येईल. दुपटेही देजो. अपेक्षाले फोटो पाठवला होता आईनं, तिले लय आवडले. चाल, मले उशीर होते. बस ना जरा. ही पटली तर आजच फायनल करतो. इकडं या गाडीवर सूट आहे, उद्या संपते."

नलूआत्यानं पदर कमरेला खोचला. या वेळी नीलेशला काही सांगावं लागलं नाही. तिनं दाराकडे पाठ केली, कंबर खाली सोडली. गाडी ठेंगणी, त्यामुळे कंबर वाटलं त्यापेक्षा फार खाली गेली आणि गुडघा उंच उरला. तिनं दोन्ही हातांनी उजवी पोटरी धरून पाय आत ओढला. तो पुढच्या सीटच्या पाठीत रुतला. तिनं आणखी ओढला. आत कुठंतरी सुकी काडी मोडावी तसं झालं आणि कानामागं घाम फुटला. डावा पाय आत आला. नीलेशनं दार लावलं, तेव्हा दाराच्या आतल्या बाजूनं गुडघा आणखी दाबला गेला.

उठताबसता तिच्या तोंडी देवाचं नाव येई. कीर्तनाच्या खुर्चीवर बसताना येई, विहिरीच्या पायरीवर येई, शिंक आली तरी येई. या गाडीत बसताना ते आलं नाही. तिनं ओठ मिटून घेतले होते.

उघड्या खिडकीतून अण्णाजींनी मोबाइल आत धरला.

"कसं वाटून राह्यलं आत्या? खरं सांगजो हां. मम्मीचा पाय नवीन आहे, त्याच्यावर जोर नाई पडला पायजे. घरून दवाखाना तासाभराचा, येणं-जाणं रोजचं होईन."

उत्तररंगाला बुवा रंगात आले की समोरच्या माणसाचा चेहरा जसा सैल, सुखी होतो, तसा चेहरा तिनं केला.

"आरामशीर हाय," ती म्हणाली.

"हो? ही तर त्या दुसरीहून ठेंगणी आहे."

"ठेंगणी म्हणूनच त चांगली. चढाच लागत नाई. पाय आपोआप आत जाते."

"गुडघ्याले समोर लागत नाई?"

"बोटभर जागा हाय. पाह्य." आणि तिनं पदर गुडघ्यावर असा पसरला की तिथं जागा आहे की नाही, ते पडद्यात दिसू नये.

नीलेश पुढच्या दारातून आत वाकला. दुसऱ्या गाडीच्या वेळी हीच बाई कशी कण्हली होती, ते त्याच्या लक्षात होतं.

"मावशी, हिचं सीट त्या गाडीपेक्षा खाली आहे. तुमच्या पायाले ही जड जाईन. मी म्हणतो एक डाव…"

"तू गाडी विकाले बसला का नको म्हणाले?"

शोरूममधली दोन-तीन माणसं हसली. नीलेशही कसनुसं हसला आणि मागं सरला.

"एक काम करा न भाऊ," अंकुश त्याला म्हणाला. "एक चक्कर मारून आणा. थोडा खराब रस्ता पाहून. बाबा, तुम्ही समोर बसा, फोन आत्याकडं राहू द्या."

गाडी निघाली. शोरूममागचा रस्ता नव्या नालीसाठी खोदलेला होता. पहिल्या खड्ड्याला नलूआत्यानं सीटची कड मुठीत धरली. ती मूठ फोनमध्ये येत नव्हती. दुसऱ्या खड्ड्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तिनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "हवा लय येते हिच्यात." अण्णाजी आरशातून तिच्याकडे बघत होते. बहिणीच्या कपाळावरचा घाम त्यांना दिसला. ते काहीतरी बोलतील असं क्षणभर वाटलं. त्यांनी आरशावरची नजर काढली आणि समोर रस्त्याकडे बघत बसले.

"आत्या, झोपली का काय?"

"झोपच येते रे याच्यात," ती म्हणाली. "तुझ्या सासूले सांगजो, गाडीत बसल्याबरोबर झोप लागन म्हणा."

अंकुश हसला. किती दिवसांनी तो असा मोकळा हसला. लहानपणी अंगाला तेल लावताना तिनं काखेत बोट घातलं की असाच हसायचा.

गाडी परत दारात आली. वहिनी पर्स आवरून उभीच होती.

"आता एकच," अंकुश म्हणाला. "उतरून दाखव. हात न धरता. कारण अपेक्षाले जड उचलता येणार नाई, अन् मी ऑफिसात असन. मम्मीले एकटीले उतरता आलं पायजे. बाबा, पूर्ण दिसू द्या, पायापासून."

अण्णाजींनी खाली उतरून चार पावलं मागं जाऊन फोन धरला. नीलेशनं दार उघडलं आणि सवयीनं हात पुढं केला.

"राहू दे बापू."

तिनं पाय बाहेर काढले. ठेंगण्या गाडीतून उठायचं म्हणजे सगळं ओझं गुडघ्यावर येतं; चांगल्या पायाचा माणूसही दाराला धरतो. नलूआत्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले, जणू जेवून उठते आहे. एकदा मागं झुकली, पुढं आली आणि उभी राहिली. तिच्या मानेच्या शिरा ताणून उभ्या राहिल्या आणि परत बसल्या. मग तिनं केसांवरून हात फिरवला, साडीच्या निऱ्या झटकल्या आणि फोनकडे बघून विचारलं:

"अजून एक डाव दाखवू का?"

"नाई नाई, बस! मस्त! फायनल, बाबा. हीच सांगतो त्याले. आत्या, थँक यू हां. तू नसती त कसं कळलं असतं?"

पडदा काळा झाला.

नीलेश कागद घेऊन आला. "मग काका, बुकिंग कोणाच्या नावानं करू?"

"विचार करून सांगतो," अण्णाजी म्हणाले. त्यांनी मोबाइल खिशात टाकला, आणि हाताला लागलेला घाम पँटला पुसला. नीलेश कागद हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याची नजर त्या दोघांवरून नलूआत्याकडे गेली. ती एका जागी उभी होती. उजव्या पायाचा घोटा साडीखाली थरथरत होता.  टेबलाजवळची खुर्ची उचलून नीलेशनं तिच्या मागं आणून ठेवली.

नलूआत्यानं खुर्चीकडे पाहिलं. बसली नाही.

"मी ऑटो पाहतो," अण्णाजी घाईनं म्हणाले. "बसस्टँडपर्यंत."

"ऑटो कशाला?" वहिनी म्हणाली. "आत्ता पाहिलं न, कशा टुणकन उतरल्या! बसस्टँड काय फार लांब आहे? चालतील की. आज पाय चांगला आहे त्यांचा."

अण्णाजींनी बहिणीकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्या दिवशी त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि विचारलं:

"चालशील का नलू?"

तिनं नाही म्हटलं असतं तर त्यांनी ऑटो आणला असता. वाटेत कदाचित विचारलंही असतं, त्या गाडीत दुखलं का म्हणून. आणि फोन तर खिशातच होता, अंकुशला ती गाडी नको म्हणून कळवायला घडीभर पुरे.

"काऊन नाई चालणार?" नलूआत्या म्हणाली. "चाला."

ती दोघांच्या आधी निघाली. काचेचं दार तिनंच ढकललं. बाहेर पायऱ्या होत्या. कठड्याला हात न लावता, उजव्या पायावर पुरतं वजन देत ती उतरली, आणि कापसाच्या ट्रकांच्या धुरळ्यात, रस्त्याच्या कडेकडेनं चालायला लागली, भरभर, लेकुरवाळी बाई दूध उतू जाईल म्हणून घराकडे निघते तशी.

"हळू जरा नलूबाई," मागून वहिनी धापा टाकत ओरडली. "आमचेही पाय काही लोखंडाचे नाहीत."

नलूआत्यानं मागं वळून पाहिलं नाही.